ओल्या पडद्याची मागली बाजू

भोरच्या बायकांनी शिनेमा पहिल्यांदा पाहिला तो मागून पाहिला, आणि पुढून पाहणाऱ्या पुरुषांपेक्षा त्यांना तो जास्त कळला. निदान त्यांचं स्वतःचं तसं ठाम मत होतं. हे मत ज्या बाईमुळे झालं तिचं नाव फुलाबाई.

साल एकोणतीस असेल, फार तर तीस. भाटघरचं धरण बांधून झालं होतं, संस्थान जागच्या जागी होतं आणि बोलपट अजून यायचा होता. दिवाळी झाली की मन्सूरभाईचा तंबू नीरेच्या काठच्या मोकळ्या जागेत उभा राही तो शिमग्यापर्यंत. तंबूच्या मधोमध मांजरपाटाचा पांढरा पडदा. पडद्याच्या पुढं पुरुष, मागं बायका. पडदा ओला केला की चित्र मागूनही दिसतं, हा शोध आपणच लावला असं मन्सूरभाई सांगत असे. तसं सगळेच तंबूवाले करत, पण माणूस दिलाचा चांगला होता, तेव्हा त्याला तसं म्हणू द्यायला हरकत नाही.

पडदा ओला ठेवायचं काम फुलाबाईकडे होतं. दर रिळाला ती पाठीमागे स्टुलावर चढायची, बादलीत कुंचा बुडवायची आणि पडद्यावर सपासप पाणी मारायची. जरा आळस झाला की पडदा वरून वाळायला लागे, आणि मागच्या बाजूला राजाचं मुंडकं आधी जाई, मग खांदे, मग तलवार. बायका ओरडत, "फुले, राजा चालला गं." फुलाबाई कुंचा मारून राजाला परत आणी.

तिचं माहेर हिर्डोशी, वरंध्याच्या घाटाच्या अंगाला, जिथून भोरला यायचं म्हणजे पायांवर भरवसा हवा. सासर भोरात, आणि नवरा कोंडिबा. कोंडिबा संस्थानच्या दवंडीवर होता. पाण्याचा हुकूम असो, हरवलेली म्हैस असो, कोंडिबाने पारावर उभं राहून डफावर थाप मारली आणि तोंड उघडलं की नदीपलीकडची माणसं हातातलं काम थांबवून उभी राहत. वाईट माणूस नव्हे. पीत नव्हता, मारत नव्हता. पण घरीही त्याचा आवाज तेवढाच असे. त्याने घरात पाणी मागितलं की शेजारच्या दोन घरांतल्या सुना तांब्या घेऊन उठत. अशा माणसाबरोबर सतरा वर्षं संसार केलेल्या बाईला बोलायची सवय कशी राहणार? फुलाबाईने या सतरा वर्षांत जे काही बोलून घेतलं होतं त्यातलं निम्मं तरी "व्हय" होतं. तिला सांगण्यासारखं काही नव्हतं असं नाही. मधे शिरायला फटच मिळत नसे.

तर मन्सूरभाईने या कोंडिबाला पडद्यापुढे उभा केला, चित्र समजावून सांगायला. त्या चित्रांना आवाज नव्हता. मधूनमधून अक्षरं येत, ती वाचता येणारी माणसं तंबूत चार-पाच, आणि त्यांतली दोन चाळिशी घरी विसरून आलेली. मन्सूरभाई दुपारी कोंडिबाला गोष्ट सांगून ठेवी आणि कोंडिबा ती रात्री आपल्या पद्धतीने सांगे. त्याला पद्धत एकच येत होती. "ऐका हो ऐका. या बाईस ताकीद देण्यात येते की धनी घरी नसताना तिने दाराबाहेर पडू नये. पडल्यास जे होईल त्यास सरकार जबाबदार नाही." पुरुषांना हे फार आवडे. शिनेमातल्या बाईलासुद्धा संस्थानचा कायदा लागू आहे म्हटल्यावर त्यांना बरं वाटे.

आता मागच्या बाजूची गंमत अशी, की दिव्याचं इंजिन मागं होतं. ते धडधडत असे, आणि कोंडिबाचं तोंड असे पुरुषांकडे. त्यामुळे सगळ्या भोर गावात कोंडिबाचा आवाज पोचत नाही अशी जागा एकच होती, ती म्हणजे त्या पडद्यामागचं हातभर चिखलाचं मैदान. आणि नेमकी तिथंच फुलाबाई कुंचा घेऊन उभी असे.

सुरुवात झाली ती साळूबाईमुळे. साळूबाई म्हातारी, बायकांत सगळ्यात पुढं बसणारी आणि शेजारणीला कोपर मारून प्रश्न विचारणारी. पहिल्याच खेळाला पडद्यावरची बाई पदर डोळ्यांना लावून रडायला लागली. साळूबाईने वर बघून विचारलं, "फुले, तुला जवळनं दिसतंय. ही बया का रडतीया?"

फुलाबाईने पडद्याकडे पाहिलं. जे तोंडात आलं ते तिने सांगितलं. "घरातलं मीठ संपलंय."

सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. कारण बरोबर होतं. मीठ संपल्यावर काय होतं ते प्रत्येकीला ठाऊक होतं. मग बाई उठून खिडकीशी गेली, तेव्हा दुसरीने विचारलं, आता कुठं? "शेजारणीकडं बघतीया, मागावं का न मागावं." पंधरा मिनिटांत फुलाबाई सबंध चित्र सांगायला लागली होती, आणि इंजिनाच्या वर आवाज काढून सांगत होती. सतरा वर्षांचा साठा होता. महिनाभरात त्या आवाजाला असं बळ आलं की इंजिन बिचारं दबकून चालतंय असं वाटावं.

मागून दिसणारं चित्र उलटं असतं, हे तिथं कुणाच्या डोक्यात आलं नाही. का यावं? ज्याने पुढून पाहिलंच नाही त्याला उलटं कुठलं आणि सुलटं कुठलं. त्यामुळे बायकांच्या बाजूला प्रत्येक राजा डाव्या हाताने जेवायचा, डाव्या हाताने देवाला फूल वाहायचा आणि डाव्याच हाताने आशीर्वाद द्यायचा. बायकांना पहिले दोन दिवस ओकारी आली. मग फुलाबाईने उलगडा केला, की मोठ्या घरच्या पुरुषांना असंच असतं, त्यांना लहानपणी कुणी हातावर मारलेलं नसतं. बाईचा पदर उजव्या खांद्यावर दिसे. त्याचाही उलगडा झाला. ती लांबच्या मुलखातली आहे, एवढी लांब दिलीय की माहेरचं कुणी येत नाही, म्हणून तर हे डावरं ध्यान पदरात पडलं.

एक मास्तरीणबाई तेवढ्या वाचायला शिकलेल्या. त्या येताना हातभर आरसा आणीत, पडद्याकडे पाठ करून बसत आणि आरशात बघून उलटी अक्षरं सुलटी वाचीत. पण मग त्यांना चित्रही आरशातच बघावं लागे, आणि त्यात मागच्या बाईच्या अंबाड्यापलीकडचं काही येत नसे. तरी त्या चिकाटीने सगळी अक्षरं वाचीत आणि कुणाला काही सांगत नसत.

त्या वर्षी एक चित्र फार चाललं. वाड्यातली एक देखणी बाई असते. तिचा नवरा, म्हणजे राजा, घोड्यावर बसून कुठं तरी जातो. बाई एकटी राहते. एक मिशाळ माणूस येतो, ती त्याला एक पेटी देते. नवरा परत येतो, पेटी नाही म्हणून भडकतो. बाई दारात उभी राहून त्याच्याशी बोलते आणि निघून जाते. शेवटी नदीकाठी दोघं भेटतात. पुढच्या बाजूला कोंडिबाने तिचं नाव मंजुळा ठेवलं होतं. मागच्या बाजूला फुलाबाईने गोदा ठेवलं होतं. पुढं मंजुळा चुकली होती. मागं गोदेचं काही चुकलं नव्हतं, तो मिशाळ माणूस तिचा भाऊ होता, एवढ्या लांबून पहिल्यांदाच आलेला, आणि पेटीत तिने आईसाठी चोळीचं कापड दिलं होतं.

घरी जाताना नवरा-बायको एकत्र चालत, आणि भांडण नदीपासूनच सुरू होई. तो म्हणे मंजुळा, ती म्हणे कोण मंजुळा? सगळ्यात वाईट गत मानसिंगची झाली. मानसिंगची लाकडाची वखार होती आणि घरात त्याचा शब्द चाले, निदान त्याला तसं वाटे. एकदा जेवताना त्याने डाव्या हाताने तांब्या उचलला, तर त्याची बायको बाळाबाई म्हणाली, "ह्ये बी त्यातलंच निघालं." आणि दोन दिवस त्याच्याशी नीट बोलली नाही. शिवाय गोदेच्या भावाला मिशाळ म्हणून संशयाने बघणारा तो मेला कोण, हा राग होताच.

मानसिंग पाच-सात माणसं घेऊन तंबूत गेला. म्हणाला, "मन्सूरभाई, पैसे आमी देतो आणि आमच्याच घरात आमाला खोटं पाडतासा व्हय? त्या बाईचं तोंड बंद करा. पानी मारायला ठेवलीया, पानी मारू दे."

मन्सूरभाई पेचात पडला. मागची गर्दी पुढच्याहून जास्त होती, पण बायकांना घेऊन येणारे पुरुषच होते. शेवटी त्याने तोड काढली. उद्या याच चित्राचा एक खास खेळ. पुरुषांनी मागं बसायचं, बायकांनी पुढं. पुरुषांनी आपल्या कानांनी ऐकायचं फुलाबाई काय सांगते ते, आणि मग मानसिंगने निकाल द्यायचा. निकाल विरुद्ध गेला तर फुलाबाईने यापुढं मुकाट्याने कुंचा मारायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी फुलाबाई नदीवर पडदा धूत होती. तिला भीती वाटत होती. तिला मानसिंगची भीती नव्हती, पुरुषांपुढं बोलायचीही फारशी नव्हती. तोंड मिटून त्या स्टुलावर उभं राहावं लागेल आणि साळूबाई खालून विचारील, का रडतीया गं, आणि आपण पाणी मारत राहू, हे तिला डोळ्यांपुढं दिसत होतं. बोलायला मिळालं नव्हतं तोवर चाललं होतं. आता चाललं नसतं. घरी आली तर कोंडिबा म्हणाला, आणि तो म्हणाला ते चार घरांनी ऐकलं, "तुला ह्यो उद्योग सांगितला कुणी? उगं माझ्या कामात खोडा."

"व्हय," फुलाबाई सवयीने म्हणाली, आणि स्वतःचाच तिला राग आला.

संध्याकाळी खेळ सुरू झाला. पुरुष मागं चिखलात टेकले. धोतरं भिजली. पहिल्याच जेवणाच्या पंगतीला त्यांच्यात गलका उडाला. कालपर्यंत उजव्या हाताने जेवणारा राजा आज डाव्या हाताने जेवत होता. दोघे जण खात्री करायला पडद्याला वळसा घालून पुढं गेले, तिथं तो उजव्याने जेवत होता. ते पळत मागं आले, तर डाव्याने. पुन्हा पुढं गेले. तिसऱ्या फेरीला बायकांनी त्यांना हाकललं.

पुढच्या बाजूला साळूबाईने तोंडावर हात ठेवला. "बाई, आज उजव्या हातानं जेवतोय की. सुधारला." सगळ्या बायकांना मनापासून समाधान वाटलं. महिनाभर फुलाबाईने त्याला इतकं बोलून घेतलं होतं, ते वाया गेलं नाही म्हणाल्या.

कोंडिबा काठी घेऊन उभा होता. आज समोर बायका बघून त्याला जरा चाचरायला झालं, पण त्याने सुरू केलं. "ऐका हो ऐका. मंजुळा नावाच्या बाईस..."

"ह्यो सरकारी मानूस कशाला मधी बोलतोय?" बाळाबाईने विचारलं.

"म्या तिच्या धन्याच्या वतीनं सांगतूया," कोंडिबा म्हणाला.

"आनि तिच्या वतीनं?"

कोंडिबाला हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. त्याने काठी दुसऱ्या हातात घेतली आणि पुढचं रीळ येईपर्यंत घसा खाकरला.

मागं फुलाबाई आपलं काम करत होती. पाणी मारायची आणि सांगायची. मानसिंग दर थोड्या वेळाने आडवं लावी. गोदा परसात गेली तेव्हा फुलाबाई म्हणाली, शेळीला पाला टाकायला गेलीया. "येवढ्या वाड्यात शेळी कुठनं आली?" मानसिंग म्हणाला. "परसात हाय," फुलाबाई म्हणाली, "तुमाला न्हाई दिसायची. पुरुषांना घरातली शेळी कंदी दिसलीया?" चिखलातले दोघं-तिघं हसले. त्यांतल्या एकाला आपल्या घरी शेळ्या दोन की तीन ते खरंच आठवेना.

मग तो दाराचा प्रसंग आला. नवरा हात उगारून उभा. बाई दारात उभी राहते आणि बोलायला लागते.

पुढं कोंडिबाने ठरल्याप्रमाणे सांगितलं, "मंजुळा म्हणते, नाथ, क्षमा करा, माझी चूक झाली."

बाईचं तोंड हलतच होतं.

"आनि पुढं?" साळूबाईने विचारलं.

"चूक झाली म्हणते."

"त्ये झालं. अजून बोलतीया की ती. तोंड हलतंय बघा. येवढा येळ कुनी चूक झाली, चूक झाली म्हनत बसतं व्हय?"

कोंडिबाने पडद्याकडे पाहिलं. रोज तो या जागी पाणी प्यायचा, त्यामुळे बाई इतका वेळ बोलते हे त्याने पाहिलं नव्हतं. "लई चूक झाली म्हणते," तो म्हणाला. मग, "फारच चूक." आणि मग भोर संस्थानच्या दवंडीचा आवाज जन्मात पहिल्यांदा बंद पडला, कारण त्याला सांगायला पुढं काही नव्हतं.

त्या शांततेत पडद्याच्या पलीकडून, इंजिनाच्या धडधडीवरून, फुलाबाईचा आवाज आला. पुढच्या बायकांना आला, आणि कोंडिबाला आला.

"तुमी घोड्यावर बसून गेलासा, मला सांगून गेलासा का? तेल संपलं ते म्या कुनाला सांगायचं, शेळीला? तुमचा आवाज लई मोठा. त्याच्याफुडं माझा मलाबी ऐकू येत न्हाई. म्या व्हय म्हनलं की तुमाला वाटतं ऐकलं, आनि न्हाई म्हनायला तोंड उघडलं की तुमाला वाटतं जांभई दिली."

मन्सूरभाई मशीनचा दांडा फिरवत होता. त्यालाही ऐकायचं होतं, आणि बाईचं तोंड मिटायच्या आत फुलाबाईचं संपणार नाही हे त्याच्या ध्यानात आलं. म्हणून त्याने दांडा हळू केला. बाईचे ओठ हळू हलायला लागले. फुलाबाई बोलतच होती, त्याने आणखी हळू केला. असं करू नये हे त्याला सगळ्यात जास्त ठाऊक होतं, कारण रीळ जागेवर रेंगाळलं की दिव्याची धग त्याला खाते. बाईच्या गालावर एक तपकिरी डाग पडला, तो पसरला, आणि दारासकट, नवऱ्यासकट सगळं करपून रीळ तुटलं. पडद्यावर नुसता पांढरा उजेड राहिला.

फुलाबाईला ते दिसलं नाही, असं नाही. तिने पाहिलं, आणि ती थांबली नाही.

"डोंगरावरनं मानूस चालत आला, माझा बा गेल्याचा सांगावा घिऊन. तुमाला बाजारात गाठलं. तुमी पारावर हुबं ऱ्हाऊन साऱ्या बाजाराला सांगितलं. लोकं हळहळली, तुमच्या पाठीवर हात ठेवला. मला त्ये विहिरीवर कळलं. तुमी चुकलासा म्हनत न्हाई म्या. साऱ्या गावाला सांगायची सवय, त्यात घर ऱ्हाऊन गेलं आसंल. पर म्या बी गावातच ऱ्हाते."

पांढऱ्या पडद्यापुढं बायका बसल्या होत्या, मागं चिखलात पुरुष बसले होते, आणि राजाराणी कुठं गेली असं कुणी विचारलं नाही. मास्तरीणबाईंनी सवयीने आणलेला आरसा मांडीवर पालथा ठेवला. कोणी तरी त्यांना हळूच विचारलं, खरं काय लिहिलेलं होतं हो तिथं? "लिहिलेलं फार थोडं असतं," त्या म्हणाल्या, "आणि त्यासाठी चिखलात बसावं असं काही नसतं."

फुलाबाईचं बोलून झालं. तिने कुंचा बादलीत बुडवला आणि पडद्यावर पाणी मारलं, कारण तो वाळायला लागला होता.

सगळे मानसिंगकडे बघायला लागले. निकाल त्याने द्यायचा होता. मानसिंग उठला, मागून धोतर झटकलं. शेवटी म्हणाला, "त्या शेळीचं फुडं काय झालं?"

"उद्या सांगते," फुलाबाई म्हणाली.

यापेक्षा वेगळा निकाल कुणाला नको होता. त्या चित्रातला दाराचा प्रसंग जळाला तो कायमचा. पुढं मन्सूरभाई तिथं मशीन थांबवी, नुसता उजेड सोडी, आणि तेवढा वेळ फुलाबाई बोले. पुढच्या पुरुषांतले काही जण त्या वेळेपुरते मागं येऊन उभे राहत आणि चिखल फार झालाय अशी तक्रार करीत.

पण हे सगळं नंतरचं. खेळाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फुलाबाई चुलीपुढं भाकरी थापत होती आणि कोंडिबा जेवायला बसला होता. मग तो काही तरी बोलला, आणि इतकं हळू बोलला की ते तिला ऐकू गेलं नाही.

"काय म्हनलासा?" तिने विचारलं.

"विहिरीवर," कोंडिबा म्हणाला. "तुला कुनी सांगितलं?"

फुलाबाईने तव्यावरची भाकरी उलटली. "साळूबाईनं. तिला वाटलं, मला ठावं हाय. म्या घागर भरत हुते. म्हनलं, आधी भरून घ्यावी, मग घरी जाऊन रडावं. घरी आले तर तुमी जेवायला बसला हुता, मग वाढलं."

कोंडिबाने हातातला घास ताटात परत ठेवला. चुलीवरची भाकरी करपायला लागली होती, ती त्याने उठून उतरवली, आणि तिला म्हणाला, "बस जरा."